घोडबंदर रोडच्या लॉनवरचा भाड्याचा साउंड, ‘वॉल ऑफ साउंड’च्या मापाने

घोडबंदर रोडच्या लग्नाच्या लॉनवर सहा-सातशे माणसांपुढे रॉक बँड वाजवायचा म्हटलं, की ठाण्यातले साउंडवाले साधारण एकच यादी पुढे करतात. दोन्ही बाजूंना टांगलेले सहा-सहा टॉप (मधल्या आणि वरच्या सुरांचे स्पीकर), डबल-अठराचे (अठरा इंची दोन कोनचे) आठ बेस, ३२ चॅनेलचा डिजिटल मिक्सर, सहा मॉनिटर (वाजवणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर) आणि मागे दोन डिले, म्हणजे मागच्या लोकांसाठी थोड्या उशिराने वाजणारे स्पीकर. वागळे इस्टेटमधल्या एका साउंड सर्व्हिसचं हेच पॅकेज अमेरिकन रॉक बँड ग्रेटफुल डेडच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला लागलं होतं. गाणी त्यांची, तर मापही त्यांचंच लावू.

डेडची ‘वॉल ऑफ साउंड’ ही स्पीकरची भिंत २३ मार्च १९७४ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमध्ये पुरी उभी राहिली. डेडचा साउंडमन ऑवस्ली स्टॅन्ली आणि अलेम्बिक या साउंड कंपनीच्या मंडळींचं हे काम: सुमारे ६०० स्पीकर, वजन ७५ टनांच्या घरात. तीन मजली उंचीची ही भिंत वाजवणाऱ्यांच्या पाठीमागे असे, म्हणजे मॉनिटरही तीच आणि लोकांसाठीचा साउंडही तोच. एका स्पीकरमधून एकच वाद्य. गिटार आणि गाणं एकाच कोनमधून ढकललं की दोघांची मिळून जी खरखर होते, ती त्यामुळे टळली. डेडच्या फिल लेशच्या बास गिटारच्या चारही तारांना वेगळे रस्ते होते. ट्रक, माणसं आणि खर्च न झेपल्याने त्याच ऑक्टोबरात ती गुंडाळली गेली. स्पीकर उभे एकावर एक रचायची कल्पना मात्र आजच्या लाइन अॅरेत, म्हणजे उभ्या रांगेत टांगलेल्या स्पीकरांत, टिकून आहे.

आता लॉनवरचे सहा टॉप. लांबून अॅरे दिसतो, पण सहा टॉप मिळून उंची जेमतेम दोन मीटर. १०० हर्ट्झची लहर ३.४ मीटरची, म्हणजे रांगेपेक्षा लांब, त्यामुळे खालच्या सुरांवर या रांगेचा काही ताबा नाही. वरचे सूर शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ जातात, बास गिटार वाटेतच पसरते. याला इलाज टॉपमध्ये नाही, बेसच्या मांडणीत आहे.

आणि मांडणी पहिल्या फेरीत चुकली होती. चार बेस डावीकडे, चार उजवीकडे, मध्ये १४ मीटर. अशाने मधल्या पट्ट्यात छाती दणाणते आणि चार पावलं बाजूला गेलं की बेस गायब, कारण ६० हर्ट्झला दोन बाजूंच्या अंतरात २.९ मीटरचा फरक पडला की दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. सांगितल्यावर आठही बेस स्टेजपुढे एका ओळीत, केंद्रापासून केंद्र दीड मीटरवर आले. सरळ ओळ समोरच झोत टाकते, म्हणून कडेच्या बेसना २ ते ६ मिलिसेकंद उशीर दिला. स्टेजमागे राहत्या इमारतींचे टॉवर आहेत, तेव्हा मागे जाणारा आवाज कापायला दर तिसरा बेस उलटा वळवून त्याची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) फिरवणं आणि त्याला योग्य उशीर देणंही हवं होतं. ते केबल आखूड पडल्याने राहिलं. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्री दहानंतर भोंगे बंद, तेव्हा ही केबल किरकोळ गोष्ट नव्हे.

डिलेचं काम मात्र चोख. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनच्या मैफलीत जुलै १९७३मध्ये डेड वाजले तेव्हा २०० फुटांवरच्या मनोऱ्यांना ०.१७५ सेकंद उशीर दिला होता. हिशोब आजही तोच. ३० अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४९ मीटर जातो. डिले ३५ मीटरवर, म्हणून १०० मिलिसेकंद, वर १२ जास्तीचे, म्हणजे कानाला आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. ऑपरेटरने अंतर टेपने मोजलं आणि मग मेजरमेंट माइकने ताडून पाहिलं. ठाण्यात हे दोन्ही करणारे थोडे आहेत.

माइकवर अर्धे गुण. डेडचे माइक भिंतीच्या तोंडापुढेच असत, म्हणून ते दोन सारखे माइक ६० मिलिमीटरवर बांधून उलट्या फेजमध्ये जोडत. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखा शिरून रद्द व्हायचा, गायकाचा वरच्या माइकमधूनच जायचा. ओठ जरा दूर गेले की गाणं पातळ व्हायचं. आज हे काम माइकच्या पॅटर्नवर, म्हणजे तो कोणत्या दिशेने किती ऐकतो यावर, सोडतात. इथे सुपरकार्डिऑइड बीटा ५८ए दिले आणि मॉनिटर थेट माइकच्या शेपटीमागे ठेवला! ती जागा एसएम५८ची, तो मागून सर्वांत कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइडला सर्वांत कमी ऐकू येतं ते समोरून साधारण १२६ अंशांवर, म्हणून दोन मॉनिटर तिरपे हवेत. साउंडचेकला शिट्टी (फीडबॅक) आली तेव्हा मॉनिटर हलवायचा सोडून इक्यूवर सूर कापत बसले, आणि गायकाचा आवाज नाकातून आल्यासारखा झाला.

जनरेटर साउंडला स्वतंत्र होता, हे उत्तम. एलईडी वॉलच्याच लाइनवर घेतलं की ५० हर्ट्झची घूं घूं हमखास. कीबोर्डला घूं आलीच होती, ती डीआय बॉक्सचा (वाद्य मिक्सरला जोडणाऱ्या डबीचा) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलची अर्थिंग तोडणारं बटण, दाबून गेली. काही पोरं अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिनच काढतात. तसं कुणी करताना दिसलं तर कार्यक्रम थांबवा, ओल्या लॉनवर माइकला तोंड लावणारा माणूस उभा असतो.

रेकॉर्डिंग पॅकेजमध्ये धरलेलं नाही, पण मागून घ्या. डेडने १९८४च्या ऑक्टोबरात मैफल टेप करणाऱ्या चाहत्यांना अधिकृत जागा दिली, आणि फुकट वाटलेल्या टेपांनीच त्यांचा पंथ वाढला. नुसतं मिक्सरचं आउटपुट घेतलं तर गिटार दबून येते, कारण छोट्या जागेत अॅम्पच मोठा असल्याने मिक्सरमध्ये ती कमी ठेवलेली असते. मिक्सरशेजारी दोन माइक लावा आणि दोन्ही मिसळा. मिक्सर स्टेजपासून १८ मीटरवर असेल तर मिक्सरच्या आउटपुटचा ट्रॅक ५२ मिलिसेकंद उशिरा सरकवा, नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल.

पाचपैकी साडेतीन. बुकिंगच्या वेळी वॉट विचारू नका. बेस कुठे लावणार, माइक कोणता आणि त्याचा मॉनिटर कुठे, अंतर कशाने मोजणार, आणि उलट्या वळवायच्या बेससाठी केबल किती मीटर आणणार, एवढं कागदावर लिहून घ्या.