निळ्या पॉपीच्या नावाखाली आलेलं बी

फोटोतल्या पाकळ्या अगदी आकाशी निळ्या होत्या. त्यावर भुलून मी ऑनलाइन ‘निळी पॉपी’ (पॉपी म्हणजे अफूच्या कुळातलं फुलझाड) म्हणून बियांची दोन पाकिटं मागवली आणि त्यातून अफूची रोपं उगवली. आणखी कुणी असंच फसू नये म्हणून हे लिहिते आहे.

पाकीट हातावर उपडं केलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती. बी दुधी रंगाचं होतं, थेट डब्यातल्या खसखशीसारखं, आणि खसखस म्हणजे अफूचंच बी. शेतात उगवणाऱ्या लाल पॉपीचं बी गडद तपकिरी असतं. पण पॉपीचं सगळंच बी बारीक असतं, म्हणून मी फार विचार केला नाही. बारीक वाळूत मिसळून ते वाफ्यावर भुरभुरलं, हाताने दाबलं. वर माती टाकली नाही, कारण या बियांना उगवायला उजेड लागतो.

उगवण उत्तम झाली. महिन्याभराने मात्र पानं काही वेगळीच दिसू लागली. लाल पॉपीची पानं केसाळ असतात, पिसासारखी खोल कातरलेली. माझ्या वाफ्यातली पानं गुळगुळीत होती, निळसर राखाडी, कोबीच्या पानासारखी मेणचट, आणि वरची पानं देठाशिवाय थेट खोडाला बिलगलेली. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीला फोटो पाठवले. तिचा लगेच फोन आला, ‘अगं, ही अफू आहे. आजच्या आज उपटून टाक.’

अनेक देशांत परवान्याशिवाय अफू लावणं हा गुन्हा आहे, आणि ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होईलच असं नाही. त्या संध्याकाळी एकेक रोप सोटमुळासकट उपटताना माझे हात थरथरत होते. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण कुणीतरी आपल्याला नकळत असल्या भानगडीत ढकललं याचा संताप जास्त होता.

मैत्रिणीने मग तो फोटो नीट बघायला लावला. पाकळ्या निळ्या, पण मधले पुंकेसर काळे, लाल पॉपीला असतात तसे. खरी निळी पॉपी म्हणजे हिमालयातली मेकोनॉप्सिस. तिचे पुंकेसर सोनेरी पिवळे असतात, तिला थंड, ओलसर हवा लागते, उष्णता अजिबात सोसत नाही. म्हणजे लाल फुलाच्या फोटोलाच निळा रंग चढवला होता.

विक्रेत्याला लिहिलं तर उत्तर आलं, ‘फूल येऊ द्या, निळंच येईल.’ पुन्हा लिहिल्यावर त्याने मला ब्लॉकच केलं. पैसे परत मागायची मुदतही संपली होती. बियाण्याच्या फसवणुकीत हेच होतं. पेरल्यापासून फूल दिसेपर्यंत दोन-तीन महिने जातात, तोवर तक्रारीची वेळ टळलेली असते.

आता मी पैसे देण्याआधी शास्त्रीय नाव लेखी मागते. ‘पापाव्हर सोम्निफेरम’ असेल तर ती अफू. नुसतं ‘मिक्स पॉपी’ किंवा ‘रेअर पॉपी’ लिहिलेलं पाकीट घेत नाही. यंदा दोन विक्रेत्यांनी नाव विचारल्यावर उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने ‘पापाव्हर ऱ्हीअस’, म्हणजे लाल पॉपी, असं लिहून पाठवलं. बी गडद तपकिरी निघालं. चिमूटभर कुंडीत पेरलं आहे आणि पहिली कातरलेली, लवदार पानं परवाच दिसली.