राखाडी बॅग, लाल रिबन आणि ‘ळ’: दहा महिने वापरल्यानंतर

गेल्या ऑगस्टमध्ये दिल्लीहून पुण्याला उतरले, तेव्हा बेल्टवर शेवटी एकच बॅग उरली होती. राखाडी, २४ इंची, कडक कवचाची, हँडलला लाल रिबन. माझीच म्हणून उचलली आणि हाताला लागलीच कळलं, काहीतरी घोळ आहे. माझ्या बॅगेत डेमोचं सामान असतं. अठरा किलोच्या खाली ती कधी उतरत नाही. ही निम्म्याने हलकी. टॅगवरचे शेवटचे सहा आकडे बोर्डिंग पासाला चिकटवलेल्या चिठ्ठीशी ताडून पाहिले. जुळेनात. म्हणजे हिचा मालक माझी बॅग घेऊन एव्हाना नगर रोडला लागला होता.

काउंटरवरच्या मुलीने बॅगांच्या चित्रांचा तक्ता पुढे केला. यातली कुठली? मी बोट ठेवलं. रंग? राखाडी. काही खूण? लाल रिबन. तिने माझ्या पायाशी उभ्या असलेल्या बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढे काही बोलली नाही, हा तिचा चांगुलपणा.

रात्री नऊला वाघोलीच्या एका काकांचा फोन आला. कुलूप उघडेना तेव्हा कुठे त्यांनी टॅगवरचं नाव वाचलं. साडेदहाला आम्ही दोघं पुन्हा लोहगावला, विमानतळाच्या गेटपाशी. ‘अहो ताई, रिबन बघितली आणि उचलली,’ एवढंच ते पुन:पुन्हा सांगत होते. रागावणार तरी कशी? मीही तेच केलं होतं.

त्या रात्रीनंतरच्या दहा महिन्यांचा हा हिशोब. कामासाठी महिन्यातून दोन-तीनदा दिल्ली, बंगळुरू, चेन्नई होतं, मध्ये आईला घेऊन एकदा अमेरिका झाली. बॅग तीच ठेवली. खुणा बदलत गेले.

रिबनबद्दल जास्त लिहीत नाही. साटीनची फीत चार फेऱ्यांत चुरगळून सुतळीसारखी होते आणि लाल रंग सगळ्यांनाच सुचतो. पण रिबनचं खरं दुखणं वेगळं आहे, ते मला बेल्टपाशी उभं राहून, दुसऱ्यांच्या बॅगा बघत बसल्यावर कळलं. रिबन असते हँडलला. बॅग बेल्टवर पडते ती आडवी, आणि बऱ्याचदा हँडल पलीकडे, चाकं आपल्याकडे. आपल्याला दिसतो तो बॅगेचा तळ. काळी चार चाकं, खरचटलेलं प्लॅस्टिक. तिथे कोणीही काहीही लावत नाही. तुम्ही हँडलला अख्खा फेटा बांधलात तरी बॅग समोरून निघून जाईपर्यंत तो दिसणार नाही.

हे कळायच्या आधी खणाचा प्रयोग झाला होता. सासूबाईंकडे जुन्या खणाचा तुकडा होता, जांभळा, पिवळ्या काठाचा. त्यांनी हँडलला गुंडाळायची पट्टी शिवून दिली, आतून अस्तर, कडेला वेल्क्रो. दिसायला इतकी सुरेख की बेंगळुरूला एका बाईंनी कुठून घेतली म्हणून विचारलं. हाताला मऊ, आणि लाल रिबनींच्या गर्दीत ओळखू येणारी. सप्टेंबरात एका संध्याकाळी पुण्यात विमान उतरलं ते धो धो पावसात. सामानाच्या गाड्या उघड्यावर उभ्या. बॅग आली तेव्हा खणाचा रंग सुटून हँडलवरून ओघळला होता आणि राखाडी कवचावर जांभळ्या धारा. माझ्या तळहाताचा रंग दोन दिवस गेला नाही, हँडलच्या खाचेतला तर अजून आहे. खण लावायचाच असेल तर आधी मिठाच्या पाण्यात बुडवून रंग किती सुटतो ते बघा. पण तीही खूण हँडललाच, तेव्हा मूळ अडचण तिथेच.

बॅगेभोवती आवळायचा रंगीत पट्टा घेतला, साडेतीनशे रुपयांचा. तिसऱ्या फेरीत बकलसकट गायब. विषय संपला.

मग दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बाबांची पत्र्याची ट्रंक खाली काढली. बाबांच्या नोकरीत दर तीन-चार वर्षांनी बदली असायची आणि ही ट्रंक रेल्वेच्या लगेजच्या डब्यातून जायची. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने आडनाव, गाव, जिल्हा. माझ्या लक्षात कधी आलं नव्हतं ते त्या दिवशी आलं: नाव झाकणावर होतं, पुढे होतं, मागे होतं, दोन्ही कडांना होतं आणि ट्रंक उलटी केली तर बुडालाही होतं. आईला विचारलं. म्हणाली, ‘डब्यात हमाल कशी टाकेल याचा नेम असतो का? जी बाजू वर येईल तिच्यावर नाव पाहिजे.’ बाबांना हे ठाऊक होतं, आणि मी रिबन बांधत बसले होते.

ऑइलपेंट पॉलिकार्बोनेटवर धरत नाही, पापुद्रे निघतात. म्हणून गेले रिक्षा स्टँडजवळच्या रेडियमवाल्याकडे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: रेडियम म्हणजे गाड्यांवर लावतात तो चमकणारा स्टिकर, क्यूरीबाईंचा इथे संबंध नाही. नंबरप्लेटचे आकडे, ‘आईचा आशीर्वाद’, ‘प्रेस’, सगळं त्याच्याकडे कापून मिळतं.

‘काय लिहायचं? नाव?’

नाव नको होतं. परक्या शहरात बेल्टभोवतीच्या पन्नास माणसांनी माझं नाव का वाचावं? आद्याक्षर म्हणावं तर पुण्याच्या बेल्टवर ‘के’ आणि ‘जे’ ढिगाने. मी म्हटलं, ‘ळ’ कापा.

‘नुसता ळ?’

‘नुसता ळ.’

‘मॅडम, ळ वरून नाव कुणाचं असतं?’

म्हटलं, म्हणूनच.

त्याला ते एकदम पटलं, आणि मग त्याने मनावरच घेतलं. रंग त्यानेच निवडला. मी पांढरा म्हणत होते, कारण रात्री हेडलाइटमध्ये तोच सगळ्यात लखलखतो. तो म्हणाला, विमानतळावर हेडलाइट कुठे आहेत? बरोबर होतं त्याचं. हा कागद प्रकाश जिकडून येतो तिकडेच परत फेकतो. बेल्टच्या हॉलमध्ये दिवे छतात असतात, सगळीकडून सारखा उजेड, तिथे पांढरं रेडियम नुसतं राखाडी दिसतं. राखाडी बॅगेवर राखाडी ळ! त्याने रस्त्यावरच्या कामगारांच्या जाकिटांचा असतो तो झगझगीत पोपटी काढला. हा रंग चमकण्यावर अवलंबून नाही, साध्या उजेडातही डोळ्यांत घुसतो. आणि लांबून शंका आलीच, तर फोनचा टॉर्च कपाळाशी धरायचा, ळ पेटतो. आसपासचे बघतात, बघू देत.

मोठ्या दोन बाजूंना सहा इंचांचे, अरुंद कडांना तीन-तीन इंचांचे, आणि तळाला चाकांच्या मधोमध एक. सहा बाजूंचे सहा, कापण्याचिकटवण्यासकट २४० रुपये. चिकटवण्याआधी त्याने सवयीने थिनरची बाटली काढली तेव्हा मी हात धरला. पॉलिकार्बोनेटला थिनर लागला की बारीक तडे जातात, लगेच दिसत नाहीत, पुढे आपटल्यावर कळतात. साबणाच्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून लावले.

आता वापरातलं. सहापैकी दोन ळ पहिल्या महिन्यातच सुटले. माझ्या बॅगेला उभ्या पन्हाळ्या आहेत आणि स्टिकर त्या ओलांडून गेला की मधे हवा राहते, तिथे धूळ शिरते, कोपरा उचलतो. रेडियमवाल्याने दुसऱ्यांदा हेअर ड्रायरने गरम करत खाचांमध्ये बोटाने दाबून बसवले, ते आजपर्यंत आहेत. तळाचा सगळ्यात जास्त घासतो, त्याची कड झिजून तो आता ळ पेक्षा गाठ मारलेल्या दोरीसारखा दिसतो. बॅग उलटी आली तर? ळ उलटा झाला तरी दोन वाटोळी दिसतातच, ओळखायला पुरतात. कापडी बॅगेवर मात्र रेडियम टिकत नाही, तो नाद करू नका.

सगळ्यात मोठा फरक मला शोधण्यात पडला नाही. बॅग मला आता पंचवीस-तीस फुटांवरून ओळखू येते, ते आहेच. पण दुसरं कोणी ती उचलत नाही, हे जास्त मोलाचं. दहा महिन्यांत एकदाच एका गृहस्थांनी हात घातला, ळ पाहिला आणि चटका बसल्यासारखा हात काढला. दिल्लीत तर ‘ये क्या लिखा है’ हे ठरलेलं. हिंदीत तो नाही, त्यामुळे उत्तर प्रदेशच्या माणसालाही ही कुणाची तरी खासगी खूण वाटते.

आईच्या बॅगेची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एप्रिलमध्ये तिला घेऊन नेवार्कला भावाकडे गेले. तिची बॅग कापडी, काळी. तिने स्वतः पिवळ्या फेल्टचे ळ कापून, दुहेरी दोऱ्याने शिवले, पाच बाजूंना. मी इमिग्रेशनच्या दुसऱ्या रांगेत अडकले, तिची व्हीलचेअर पुढे गेली. मी पोचले तेव्हा तिथल्या मदतनिसाने विचारलं होतं, बॅग कुठल्या रंगाची? आई म्हणाली, ‘ब्लॅक.’ त्याने हसून अख्ख्या बेल्टकडे हात केला. आईने मग हवेत बोटाने आडवा आठ काढला. दोनदा. तो म्हणाला, ‘इन्फिनिटी!’ आणि वळून बॅग उचलून आणली. आई भावाला सांगताना म्हणते, त्याला ळ वाचता आला.

येताना मामींनी हौसेने दिलेलं लवचीक कव्हर चढवलं होतं, फुलाफुलांचं. ते दिसतं लांबून, ओरखडेही वाचतात. पण अमेरिकेत तपासणीसाठी बॅग उघडली गेली. मुंबईला उतरलो तर कव्हर घडी करून बॅगेच्या आत, वर तपासणी केल्याची छापील चिठ्ठी. म्हणजे बेल्टवर बॅग उघडीच आली, आणि मी वेड्यासारखी फुलं शोधत होते. खाली ळ होते म्हणून निभावलं. शिवाय या कव्हरांच्या हँडलच्या खाचा नेमक्या जागी बसत नाहीत, लोडर मग कापडालाच धरून ओढतो.

एअरटॅगबद्दल, म्हणजे बॅगेत टाकून ठेवायच्या ॲपलच्या ट्रॅकरबद्दल, बरेच जण विचारतात. ऑक्टोबरात घेतला, तीन-साडेतीन हजारांचा. माझं मत असं की ही वेगळीच वस्तू आहे. बॅग कुठल्या शहरात आहे ते तो सांगतो. समोरच्या चाळीस बॅगांतली कुठली, हे फोन बाणाने दाखवतो खरा, पण फिरत्या बेल्टवर बाणामागे धावण्यापेक्षा ळ बरा. जानेवारीत दिल्लीच्या धुक्यात माझं जोडविमान कसंबसं मिळालं, बॅगेला मिळालं नाही. पुण्याला उतरून फोन चालू केला तर बॅग अजून दिल्लीतच. बाकीचे अर्धा तास रिकाम्या बेल्टकडे डोळे लावून होते, मी तोवर काउंटरवर पहिली. तक्रारीचा अर्ज आणि त्याचा नंबर घेतल्याशिवाय हॉलमधून बाहेर पडू नका, नंतर फोनवर कोणी दाद देत नाही. आयफोनच्या आयओएस १८.२ पासून एअरटॅगच्या जागेची लिंक दुसऱ्याला पाठवता येते, ती मी विमान कंपनीला दिली. त्यांनी किती पाहिली देव जाणे, बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आली. आणि हो, हे एअरटॅग चेक-इनच्या बॅगेत चालतात. २०२२ च्या ऑक्टोबरात लुफ्तान्झा या जर्मन विमान कंपनीने आधी नाही म्हटलं होतं, चार दिवसांत माघार घेतली. आत गाडीच्या किल्लीत असतो तो सीआर२०३२ सेल आहे, वर्षभर जातो. पॉवर बँक मात्र चुकूनही चेक-इनमध्ये टाकू नका.

एक सवय फुकट आहे आणि ती मी सगळ्यांना लावते. काउंटरवर बॅग टाकली की टॅगसकट एक फोटो. त्या टॅगवरच्या दहा आकड्यांत विमान कंपनीचा तीन आकडी नंबर असतो, एअर इंडियाचा ०९८, इंडिगोचा ३१२, आणि शेवटचे सहा आकडे तुमच्या बॅगेचे. बारीक बारकोडचे जुने स्टिकरही सोलून टाका, यंत्राने भलताच वाचला तर बॅग भलतीकडे. नाव-फोनची चिठ्ठी आतही ठेवा. बाहेरचा टॅग तुटतो, माझा दोनदा तुटला.

परवा तळाचा झिजलेला ळ बदलायला रेडियमवाल्याकडे गेले. दुकानाच्या काचेवर नमुना म्हणून पोपटी ळ लावलेला, खाली ‘बॅगसाठी स्पेशल’. मला पाहून खुशीत म्हणाला, ‘मॅडम, या महिन्यात चार जणांनी नेला.’ बाराखडीचा तक्ता त्याच्याकडे होताच, आम्ही दोघांनी डोकं घातलं. ङ आणि ञ शिल्लक आहेत.