पेपे की रिकार्डो कार्व्हाल्यो? सेंटर-बॅकने कोणाचे सामने बघावेत

भाचा यंदापासून फुटबॉलमध्ये सेंटर-बॅक, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, खेळतो. परवा विचारत होता, "मामा, पेपेचे सामने बघू की कार्व्हाल्योचे?" दोघेही पोर्तुगालचे, दोघेही पोर्तो क्लबातून पुढे रेआल माद्रिदला पोचलेले. 2004मध्ये कार्व्हाल्यो पोर्तो सोडून इंग्लंडच्या चेल्सीला गेला आणि त्याच उन्हाळ्यात पेपे पोर्तोत आला. पुढे माद्रिदमध्ये दोघे एकत्रही खेळले. एकाला निवडायचं म्हणजे पंचाईतच.

पदकं मोजायची असतील तर वाद नको, पेपेच. माद्रिदबरोबर तीन चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा), पोर्तुगालसाठी 141 सामने, आणि 2024च्या युरोत (युरोपीय देशांची स्पर्धा) 41व्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सविरुद्ध जवान पोरासारखा धावला. 2016च्या युरो फायनलमध्ये रोनाल्डो 25व्या मिनिटाला बाहेर गेल्यावर बचाव त्यानेच सांभाळला. कार्व्हाल्यो तेव्हा बाकावर होता. हे मला आजही थोडं लागतं, पण खरं ते खरं.

माझी गाडी अडली ती लाल कार्डावर.

मीही आधी पेपेचाच भक्त. स्ट्रायकरने, म्हणजे समोरच्या गोल मारणाऱ्याने, पाठ केली की मागून अंगावर जायचं, चेंडू मिळो न मिळो, त्याला वळू द्यायचं नाही. आमच्या रविवारच्या सामन्यांत हे तीन-चार महिने झकास चाललं. मग एका स्पर्धेत अर्ध्या तासात माझी दोन पिवळी कार्डं झाली, म्हणजे लाल. उरलेला खेळ मी रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या भरत पाहिला. दहा जणांत आमच्यावर तीन गोल झाले. घरी येताना गाडीत कोणी माझ्याशी बोललं नाही.

त्यानंतर पेपेचे जुने सामने वेगळे दिसायला लागले. 2014च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध 37वा मिनिट, पोर्तुगाल आधीच 0-2ने मागे, आणि हा खाली बसलेल्या म्युलरच्या डोक्याला डोकं लावायला वाकतो. चेंडू तिथे नाहीच! थेट लाल कार्ड. सामना 0-4 गेला. पुढे अमेरिकेइतकेच चार गुण असूनही गोलफरकावर पोर्तुगाल घरी आला. नंतरचे दोन गोल वजा केले तरी गणित सुटत नव्हतं म्हणा, पण अकरा जणांनी निदान झुंज तरी दिली असती. 2011च्या चॅम्पियन्स लीग उपांत्य फेरीतही बार्सेलोनाविरुद्ध 0-0 असताना तो लाल कार्ड घेऊन बाहेर गेला आणि नंतर मेस्सीने दोन मारले. ते कार्ड कडक होतं असं म्हणणारे आहेत, मीही अर्धा त्यांच्यातलाच. पण पाय तिथवर उचलला कशाला?

कार्व्हाल्यो काही संत नव्हे. 2006च्या वर्ल्ड कप उपांत्य फेरीत त्यानेच फ्रान्सच्या ऑन्रीला पाडलं, झिदानने पेनल्टी मारली आणि पोर्तुगाल तिथेच संपला. 2011मध्ये अकरात नाव नाही कळल्यावर रुसून संघाचं शिबिर सोडून निघून गेला. तेही आठवतं. पण मैदानावर तो स्ट्रायकरच्या अंगाला झोंबायचा नाही, चेंडूच्या वाटेत आधीच जाऊन उभा राहायचा. 2004-05मध्ये चेल्सीवर लीगच्या 38 सामन्यांत 15च गोल झाले. त्याचा जोडीदार टेरी समोर भिडायचा, हा मागे राहून बारीकसारीक निस्तरायचा. माझ्यासारख्या वेग नसलेल्या माणसाला हे जमण्यातलं वाटतं. त्याचं बघून खेळायला लागल्यापासून गेल्या दोन हंगामांत मला एकच पिवळं मिळालंय, तेही रेफरीशी हुज्जत घातली म्हणून.

भाच्याची उंची चांगली आहे, पायात वेगही आहे. पेपे त्याला कदाचित शोभेलही. मी त्याला 2004ची चॅम्पियन्स लीगची पोर्तो-मोनाको फायनल लावून दिली आणि सांगितलं, चेंडू बघू नकोस, पोर्तोचा चार नंबरवाला कार्व्हाल्यो बघ. दहा मिनिटांनी तो म्हणाला, "मामा, हा तर काहीच करत नाहीये." म्हटलं, बघत राहा.