निकॉन एमडी-४: मोटार झकास, पण रिवाइंडचं काय?

दिवेघाटात पालखी चढत होती आणि इकडे माझ्या निकॉन एफ३ या फिल्म कॅमेऱ्याला लावलेल्या एमडी-४ने, म्हणजे फिल्म सरकवणाऱ्या मोटारीने, रिवाइंड करता करता (संपलेला रोल परत कॅसेटमध्ये गुंडाळताना) मान टाकली. घुर्र झालं, मग काहीच नाही. अर्धा रोल कॅसेटमध्ये, अर्धा बाहेर. मला दुसरा रोल भरायचाय म्हणून दिंड्या थोड्याच थांबणार!

एफ३बद्दल लोक १९८० पासून लिहीत आलेत, त्यात मी काय भर घालणार? मोटारीचं वजन मानेला जाणवतं: सेल न घालताच अर्ध्या किलोच्या आसपास, वर आठ पेन्सिल सेल. पकड मात्र अशी की नुसती बॉडी आता हातात नीट बसत नाही. कॅमेऱ्यालाही हेच सेल वीज पुरवतात, म्हणजे बटण सेलचा खर्च वाचला. एवढं पुरे. बोलायचंय ते रिवाइंडवर.

घाटात सुटका झाली ती मोटारीवरच्या आर-१ खटक्यामुळे. इथे रिवाइंडचे दोन टप्पे आहेत. आर-१ सरकवला की फिल्म ओढणारे दाते मोकळे होतात, आर-२ने मोटार गुंडाळायला लागते. दाते आधीच सुटलेले होते, म्हणून आर-२ मागे घेतला, कॅमेऱ्यावरची क्रँक (हाताने फिरवायचा दांडा) उघडली आणि उरलेला रोल हाताने गुंडाळला. पुढच्या काळातल्या ऑटो कॉम्पॅक्टमध्ये सेल असे मेले की अंधारात फिल्म काढायची काळी पिशवी शोधत बसा.

दुरुस्तीवाल्याने "मोटार जळली" असा निकाल दिला, तोही न उघडता. जो आकडा सांगितला त्यात बल्क फिल्मचा (कापून कॅसेटमध्ये भरायच्या सुट्या फिल्मचा) शंभर फुटी डबा आला असता. मोटार उचलून घरी आणली. सेलचा होल्डर काढून बघतो तर एका पत्रीवर हिरवट थर. आधीच्या मालकाने सेल आत तसेच सडू दिलेले. व्हिनेगर, कापसाची काडी, मग खोडरबर. मोटार चालू! एकेक फ्रेम सरकवताना मोटारीला मध्ये दम खायला मिळतो, रिवाइंडला मात्र सलग ओढायचं असतं. म्हणून दुखणं तिथेच दिसलं.

"आर-२ला हातच लावू नका" असं लिहिणार होतो, ते मागे घेतो. आता बिनबोभाट चालतं. तरी माझी मुख्य तक्रार आहेच: मोटार फिल्मचं टोक गिळते. मी फिल्म घरी धुतो. टोक बाहेर राहिलं तर कॅसेट न फोडता फिल्म धुण्याच्या रीळावर चढवता येते आणि उरलेल्या शेपटीला बल्कमधली फिल्म चिकटवून तीच कॅसेट पुन्हा भरता येते. टोक आत गेलं की ते काढायची खटपट, नाहीतर कॅसेट फोडा. टेक-अप स्पूलवरून (कॅमेऱ्यात फिल्म गुंडाळून घेणाऱ्या रिळावरून) फिल्म सुटताना मोटारीचा आवाज हलका होतो, त्याच क्षणी आर-२ बंद करायचा. घरात शांततेत जमतं. टाळ-मृदंगात? नाव नको. त्यामुळे घाई नसेल तेव्हा मी आर-१ सरकवून क्रँकच फिरवतो. कोरड्या थंडीत तर हातानेच. वेगाने ओढलेल्या फिल्मवर स्थिर विजेच्या रेघा उमटू शकतात.

घेणार असाल तर दोन गोष्टी. मोटारीचा काउंटर उलटा मोजतो, नवा रोल भरला की ३६वर लावायचा; शून्यावर मोटार आपोआप थांबते आणि फिल्मच्या कडेची भोकं फाटत नाहीत. आणि बॉडीच्या तळाचं छोटं गोल झाकण काढूनच मोटार बसते, ते विकणाऱ्याकडून आठवणीने मागून घ्या. माझा विकणारा अजून म्हणतो, असलं काही झाकण नसतंच.