‘शिवकालीन’ तलवार आणि पोतंभर हातकुऱ्हाडी : एका फसवणुकीची चिरफाड

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका संग्राहकाने सव्वा लाख रुपये मोजून एक तलवार घेतली आणि तिच्याबरोबर अश्मयुगातली म्हणून पोतंभर दगडी हत्यारं. विकणाऱ्याने सांगितलं होतं की माल एका सरदार घराण्याच्या वाड्यातून निघालाय. पात्यावर ‘श्री’ कोरलेलं, त्याखाली १६७४ हा आकडा, आणि सोबत सरकारी शिक्क्याचा एक कागद. नंतर जाणकारांनी वस्तू उघडून पाहिल्या. त्यात जे निघालं ते इथे सविस्तर देतोय, कारण हाच प्रकार थोड्याफार फरकाने सगळीकडे चालतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी. तलवारीचं पातं खरोखर जुनं होतं. नवा पत्रा घासून केलेली तलवार थोडा सराव असलेला माणूस लगेच ओळखतो. इथे जुनं पातं आणि नवी मूठ असा जोड होता, आणि म्हणूनच घेणारा फसला. विकणाऱ्याने पात्यावरची जुनी खड्डेदार गंजखूण दाखवली, पातं वाकवून सरळ होतं हे दाखवलं, टिचकीने आवाज काढून दाखवला. सगळं खरं होतं, फक्त काळ खोटा होता.

पात्याची लांबी साधारण ३३ इंच, टोकाकडे रुंद होत गेलेलं, दोन्ही बाजूंना एकच रुंद खोलगट नाळ. ही १७९६ च्या नमुन्याची इंग्रजी घोडदळाची तलवार. कंपनीच्या फौजेबरोबर अशी पाती भरपूर आली आणि एकोणिसाव्या शतकात त्यांना देशी मुठी बसवल्या गेल्या. अशी तलवार खरी असेल तर तीही जपण्यासारखीच आहे, पण ती शिवकाळाच्या शंभराहून अधिक वर्षं नंतरची. शिवकाळातली युरोपीय पाती म्हणजे फिरंग, आणि ती बहुतेक सरळ असतात. या इंग्रजी पात्यांच्या पाठीवर मुठीजवळ बऱ्याचदा बनवणाऱ्याचं नाव ठोकलेलं असतं. इथे पाठीवर बोट फिरवलं तर मुठीपासून दोन-तीन इंच जागा किंचित खोल लागत होती. नाव ग्राइंडरने घासून काढलं होतं. डोळ्यांना हे दिसत नाही. पाठीवर पोलादी पट्टी उभी ठेवून मागून उजेड धरला की फट दिसते. देशी पात्यावर मुठीलगत धारेच्या बाजूला इंच-दोन इंच जागा बहुधा बिनधारेची सोडलेली असते. तीही इथे नव्हती.

कोरीव अक्षरांचं बोलायचं तर १६७४ हा इसवी सनाचा आकडा पाहिल्यावर पुढे तपासायची गरजच नव्हती. मराठी दरबारात शालिवाहन शक, सुहूर, फसली, हिजरी आणि पुढे राज्याभिषेक शक या कालगणना चालत. राज्याभिषेकाचं वर्ष त्या काळी कोणी कोरलं असतं तर शके १५९६ कोरलं असतं. शिवाय अक्षरांच्या कडा भिंगाखाली कोवळ्या आणि चकचकीत होत्या. एखाद्या गंजाच्या खड्ड्यातून अक्षराची रेघ गेली असेल तर तिथे नीट बघा. अक्षर जुनं असेल तर गंजाने रेघही खाल्लेली असते. इथे रेघ खड्ड्याच्या तळापर्यंत स्वच्छ उतरली होती, म्हणजे आधी गंज आणि मग कोरकाम.

आता मूठ. जुनी लोखंडी मूठ घडवलेली असते. तिचे तुकडे भट्टीत जोडतात, काही ठिकाणी पितळेचं झाळकाम असतं आणि जोडावर बारीक पिवळी रेघ दिसते. इथली मूठ ओतीव होती. परजेच्या (बोटांपुढच्या लोखंडी कमानीच्या) आतल्या बाजूला, जिथे कानस पोचत नाही, तिथे साच्याची शीर सलग होती आणि वरच्या गोल कटोरीच्या खालच्या अंगाला सुईच्या टोकाएवढी भोकं. बोटांची जागाही ऐसपैस, आजच्या हाताला अगदी आरामात बसणारी. जुन्या देशी मुठी हाताला आवळतात, पंजा आत कसाबसा मावतो. झीजही सगळीकडे सारखीच होती. खरी झीज जिथे हात लागतो तिथे होते, कोपऱ्यात होत नाही.

जुन्या पद्धतीत पात्याचं शेपूट मुठीत लाख आणि राळेच्या मिश्रणाने घट्ट बसवतात. जोडावर बाहेर आलेल्या मसाल्याला तापवलेली सुई लावली तर लाख मऊ होऊन सुईला चिकटते आणि पत्रावर मोहोर करताना येतो तसा वास येतो. इथे सुई लावल्यावर मसाला करपला आणि प्लास्टिक जळाल्यासारखी उग्र घाण सुटली. इपॉक्सी गोंद. काही चलाख लोक वरून लाखेचा थर देतात, म्हणून सुई दोन-तीन मिलिमीटर आत जाऊ द्या. आणि विकणारा हे करू देत नसेल, तर तिथेच उठा.

गंजाकडेही बघा. मूठ आणि पातं दोन्हींवर सारखाच नारिंगी गंज असेल, तो ओल्या बोटाला लागत असेल, तर वस्तू जोडल्यानंतर मीठ किंवा तेजाब लावून मुरवलेली आहे. जुना गंज काळपट-तपकिरी, घट्ट आणि खड्ड्यांत बसलेला असतो. पात्यावर जौहर (पोलादाच्या पोटातूनच आलेली लाटांसारखी नक्षी) असल्याचं सांगत असतील तर नुसत्या नक्षीवर जाऊ नका. पातळ तेजाबाने साध्या पोलादावरही नक्षी उमटवता येते. मुठीजवळची नखाएवढी जागा बारीक पॉलिश पेपरने साफ करून तिथे फेरिक क्लोराइडचं पातळ द्रावण लावलं, तर खरा जौहर पोटातून परत वर येतो आणि वरवरची नक्षी येत नाही. अर्थात हे मालकाच्या परवानगीनेच करायचं.

त्या सरकारी कागदाचा प्रकार सगळ्यात चीड आणणारा. तो पुरातत्त्व विभागाचा दाखला होता, पण निर्यातीसाठी दिला जाणारा, म्हणजे ही वस्तू पुरावस्तू नाही असं सांगणारा! घेणाऱ्याने वर शिक्का बघितला आणि खालचा इंग्रजी मजकूर वाचलाच नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार साधारण शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, ती विकण्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘ही तलवार अमुक सरदाराची’ असा दाखला कुठलंही सरकारी कार्यालय विक्रीसाठी देत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून २०२४ मध्ये साताऱ्याला जी वाघनखं प्रदर्शनासाठी आली, ती कंपनीचा साताऱ्यातला अधिकारी ग्रँट डफ याच्यापर्यंत पोचणाऱ्या नोंदीसह असूनही अफझलखानाच्या प्रसंगातलीच आहेत असं ते संग्रहालय खात्रीने सांगत नाही. मग गल्लीतला विक्रेता कशाच्या जोरावर सांगतो?

दगडी हत्यारांकडे वळू. ‘नेवाशाच्या हातकुऱ्हाडी’ (हातात धरून वापरायची अश्मयुगातली दगडी हत्यारं) म्हणून ती दिली होती. नेवासं प्रवरेच्या काठी, तिथे पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकळिया यांनी १९५४ पासून उत्खनन केलं. तिथल्या मोठ्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या (रुंद धारेची दगडी हत्यारं) डोलेराइटसारख्या काळ्या दगडाच्या, आणि चर्ट-जास्पर या दगडांची छिलका (ठोकून काढलेल्या ढलप्यांची) हत्यारं त्यानंतरच्या काळातली. पोत्यात मात्र गुलाबी, अर्धपारदर्शक अकीकाच्या (ॲगेटच्या) चकचकीत ‘हातकुऱ्हाडी’ होत्या आणि दोन कानांचे, देठाचे बाणही होते. तसे बाण गुजरातेतल्या खंभातचे कारागीर आजही अकीकापासून बनवतात आणि ते शोभेची वस्तू म्हणून परदेशात जातात. कारागिरांचा त्यात काही दोष नाही. ते नवी वस्तू नवी म्हणूनच विकतात. जमिनीत रोवलेल्या लोखंडी खिळ्याच्या टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने ठोकायची त्यांची पद्धत आहे, आणि खिळ्याचा लोखंडी ओरखडा कधीकधी कडेला दिसतो.

काळ्या दगडाचे जे तुकडे होते, त्यातले बरेच नुसते नदीचे किंवा खडी क्रशरचे फुटके दगड होते. माणसाने काढलेल्या छिलक्याला आघाताच्या जागी फुगवटा असतो आणि हातकुऱ्हाडीत दोन्ही बाजूंनी आळीपाळीने छिलके काढून एकच सलग धार केलेली असते. दगड नुसता टोकदार असला म्हणून हत्यार होत नाही. तीन तुकडे खरोखर घडवलेले होते, पण आजचे. डोलेराइट हजारो वर्षं उघड्यावर राहिला की त्यावर तपकिरी-पिवळट साल चढते आणि छिलक्यांमधल्या कडा बोथट होतात. इथे कडा हाताला कापत होत्या आणि आघाताच्या जागी पांढरी भुकटी शिल्लक होती. कोमट पाणी आणि दात घासायचा ब्रश घेऊन घासल्यावर रंग उतरला, पाणी चहासारखं झालं.

खरं हत्यार शेतात किंवा नदीकाठी दिसलं तर उचलून घरी आणू नका. बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा, जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. जागेवेगळं केलेलं हत्यार अभ्यासाच्या दृष्टीने निम्म्याहून अधिक मुकं होतं. आणि पोत्याने माल घेणारे गिऱ्हाईक आहे म्हणूनच अशा जागा लुटल्या जातात.

तलवार घ्यायची असेल तर आणखी एक गोष्ट आधी तपासा. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र म्हणून मोडतात. तुमच्या भागात त्यासाठी परवाना लागतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. फसलेली बरीच माणसं याच भीतीने तक्रार करत नाहीत आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

पैसे रोख देऊ नका. पावतीवर वस्तूचं वर्णन, वजन, पात्याची लांबी आणि काळ लिहून घ्या, ‘जुनी तलवार’ एवढ्यावर भागवू नका. फसवणूक झालीच असेल तर वस्तू साफ करू नका, मूठ स्वतः काढू नका, सगळे संदेश आणि फोन रेकॉर्ड जपून ठेवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीसाठी आहे. तक्रारीसोबत ती पावती आणि जाणकाराचा लेखी अभिप्राय जोडला तर पोलिसांनाही पुढे जायला आधार मिळतो.