बीपीचं मशीन घेताय तर आधी दंड मोजा (4 महिने वापरून लिहायलोय)

आमच्या आण्णासाठी दंडाला पट्टा बांधून मोजायचं डिजिटल बीपी मशीन घेतलं त्याला चार महिने झाले, सकाळ संध्याकाळ वापर आहे. मशीनला 4 स्टार देतो, चांगलंय. पण सोबत जो पट्टा येतो त्यानं आमच्या घराला आठ दिवस झोप लागू दिली नाही, ते आधी सांगतो.

आण्णाची लातूरच्या मार्केट यार्डात आडत आहे. सोयाबीनच्या सीझनला सकाळी गादीवर बसला की रात्रीच उठणार, मधी चहा भजे चालूच, डब्यात भाकरी-ठेचा आणि लोणचं तर पाहिजेच. वजन 98 किलो. डोकं जड पडायलंय म्हणायला लागला म्हणून गंजगोलाईकडच्या एका मेडिकलवरून 1900 ला मशीन आणलं. दुकानदारानं बटन दाखवलं, सेल टाकून दिले, पण कोणासाठी पाहिजे, दंड केवढा आहे काहीच विचारलं नाही. घरी लावलं तर 168/102. परत लावलं, 171. वैनींच्या डोळ्यात पाणीच आलं. त्यात पट्टा फुगला की मधीच टर्रकन सुटायचा, आम्हाला वाटलं पीस खराब निघाला.

मशीन पिशवीत घालून डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पट्ट्यावरची बारीक अक्षरं दाखवली, 22 ते 32 सेंमी. मग टेप घेऊन खांदा आणि कोपराच्या बरोबर मधोमध आण्णाचा दंड मोजला तर 37 भरला! जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आतली नस दाबायला जास्त हवा लागते आणि मशीन तेवढं वाढवून दाखवतं. त्यांच्याकडच्या मोठ्या पट्ट्यावर 152/96 आलं. नंतर मी वाचलं, 2023 ला अमेरिकेत यावर चाचणी झाली होती, मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा सरासरी 5 च्या आसपास जास्त येत होता, आणि त्याहून मोठा लागणाऱ्यांना जवळपास 20 नं. म्हणजे एखाद्याला नसलेलं बीपी चिकटायचं की हो.

आण्णा लगेच खुश, म्हणला मशीनच खोटं होतं. डॉक्टर म्हणले, "शेठ, वरचे पंधरा-सोळा खोटे होते, 152 खरंय." मग पोट मोजलं, 112 सेंमी. आपल्याकडं पुरुषाला 90 च्या पुढं धोका धरतात. पोटातली चरबी नुसती पडून राहत नाही म्हणले, तिच्यामुळं शरीरात असे हार्मोन वाढतात की नसा आवळल्या जातात, किडनी मीठ आणि पाणी बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवते, वरून त्या चरबीचा किडनीवर दाब वेगळाच. घोरता का म्हणून पण विचारलं, झोपेत श्वास अडकत असेल तर त्यानं पण बीपी चढतं. हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, आण्णा घोरतो ते आम्ही दमणुकीवर ढकलत होतो.

मोठा पट्टा (22 ते 42 सेंमी) लातूरात दोन-तीन ठिकाणी मिळाला नाही, ऑनलाइन 850 ला मागवला. त्याच कंपनीचा घ्या, नळीचं तोंड दुसऱ्याला बसत नाही. हा पट्टा बॉक्समधीच द्यायला पाहिजे किंवा निदान विकणाऱ्यानं विचारायला तरी पाहिजे, याचाच 1 स्टार कापलाय.

बाकी आकडा मोठा दिसतो, चष्मा लागत नाही. माहितीचा कागद मात्र सगळा इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात. आणि मोजायची पद्धत पाळा, एकदा आण्णा मोजताना मोबाईलवर तुरीचा भाव सांगत होता तर 150 आलं, फोन काढून घेतला, पाठ टेकवून, पाय खाली, हात टेबलावर ठेवून पाच मिनिटं गप्प बसवलं तर 134. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास तर मोजूच नका.

आता रोज एक गोळी चालू आहे, लोणचं-पापड बंद, पहाटे अंबाजोगाई रोडनं चालणं. वजन 91 वर आलंय. साधारण किलोमागं एक पॉईंट उतरतो म्हणतात, गोळी आणि चालणं मिळून सध्या 130-132/84 राहतं, घरी मोजताना 135/85 च्या आत पाहिजे असतं. येळवसला (वेळ अमावस्येच्या सणाला) शेतात भज्जी-आंबील लई झाली, दुसऱ्या दिवशी 146, ते पण वहीत लिहिलंय. गोळी सोडू का म्हणून आण्णानं विचारलं होतं, डॉक्टर नाही म्हणले.

मशीनमधी दोघांची मेमरी वेगवेगळी राहते. वैनींचा दंड 27 भरला, त्यांना पहिला लहान पट्टा बरोबर बसतो, त्यामुळं तो पण वाया गेला नाही. 1 नंबरला आण्णा, 2 नंबरला वैनी, पट्ट्यांवर पेनानं नावं टाकून ठेवलीत.