'मी' की 'ती'? कथेचं निवेदन कोणाकडे सोपवायचं

कथानक ठरलं, पात्रं ठरली, आणि पहिल्याच वाक्याशी गाडी अडते: 'मी डबा उघडला' लिहायचं की 'सुनंदानं डबा उघडला'? दिवाळी अंकाला पाठवायच्या तीनेक हजार शब्दांच्या कथेपुरतं बोलायचं, तर व्यवहारात पर्याय तीनच. प्रथमपुरुषी निवेदन; एकाच पात्राचा हात धरून चालणारं तृतीयपुरुषी; आणि सगळ्यांच्या मनातलं जाणणारा सर्वसाक्षी निवेदक. 'कोणतं जास्त जिवंत वाटतं' या प्रश्नानं निवड होत नाही, कारण नीट लिहिलं तर तिन्ही जिवंत वाटतात. कोणती गोष्ट वाचकाला कधीपर्यंत कळू द्यायची नाही, हे आधी ठरवा.

सासूच्या पाटल्या गहाण आहेत, आणि सुनेला ते पतसंस्थेच्या पावतीवरून कळतं, एवढाच प्रसंग घेऊ.

प्रथमपुरुषी: 'डब्यात पावती होती. सोनेतारण, दोन पाटल्या. तारीख माझ्या बाळंतपणाच्या आठवड्यातली. पावतीची होती तशी घडी घातली आणि झाकण लावलं.'

पात्रकेंद्री तृतीयपुरुषी: 'सुनंदानं तारीख पुन्हा वाचली. म्हणजे दवाखान्याचं बिल भाऊजींनी भरलंच नव्हतं तर! आणि आपण वर्षभर त्यांचे आभार मानत राहिलो. सासूबाई स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या.'

सर्वसाक्षी: 'डब्याचं झाकण वाजलं तसं सरस्वतीबाईंनी ओळखलं. त्या भांडी लावत राहिल्या. सुनंदाला वाटलं, यांना काही ऐकू आलं नाही.'

पहिल्या उताऱ्यात सुनेला काय वाटलं ते तिनं सांगितलेलंच नाही. सांगणारी तीच असल्यामुळे तिचं न सांगणंही अर्थपूर्ण होतं. तिसऱ्या उताऱ्यात रहस्य संपलं, पण दोघींनाही माहीत आहे आणि दोघीही बोलत नाहीत, हा वेगळाच ताण हाती आला. कथा गहाणाच्या शोधाची असेल तर सर्वसाक्षी निवेदक पहिल्याच पानावर ती मारून टाकेल. ती दोघींच्या गप्प राहण्याची असेल, तर त्याच्याइतका उपयोगी दुसरा कोणी नाही.

नवख्या लेखकाला आम्ही बहुतेक वेळा दुसरा पर्याय सुचवतो. त्याचं एक कारण मराठीच पुरवते: आदरार्थी रूपं. सुनंदाच्या नजरेतून लिहिताना 'सासूबाई आल्या', 'भाऊजी म्हणाले' असंच आलं पाहिजे. मधेच 'सरस्वती आली' किंवा 'प्रकाश म्हणाला' आलं की नजर सुनंदाची राहत नाही, लेखक मधे येऊन उभा राहतो. वाचकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं. म्हणून लिहून झाल्यावर एक फेरी फक्त यासाठी मारा: प्रत्येक नात्याचा शब्द आणि प्रत्येक 'ते', 'त्या', 'तो' तपासा, सुनंदा त्या माणसाचा उल्लेख मनात असाच करेल का? वरच्या उताऱ्यातला 'आपण'ही याच कामाचा आहे. 'असं तिला वाटलं' हे शेपूट न जोडता, अवतरणचिन्हं न घालता पात्राचा विचार त्यामुळे निवेदनात मिसळतो.

अडचण येते ती प्रसंगात दोन समवयस्क बायका असतात तेव्हा. दोघी जावा भांडताहेत आणि दोघीही 'ती'. 'तिनं तिच्या हातातला तांब्या हिसकावला' हे वाक्य कोणालाच कळणार नाही. दर ओळीत नावं घ्यावी लागतात आणि भांडण हजेरीपट वाटू लागतं. अशी गर्दी कथाभर असेल तर एकीला 'मी' करून टाकणं सरळ.

'मी'चे धोके वेगळे. निवेदकाचं लिंग क्रियापदच उघड करतं: 'थांबले' की 'थांबलो'. सकर्मक भूतकाळात ('मी पावती वाचली') ते झाकलेलं राहतं, पण फार तर परिच्छेदभर. लिंग लपवून ठेवण्यावर कथेची कलाटणी उभी करणार असाल, तर नाद सोडा. 'मी' दर वाक्यात लिहायची गरज नाही, 'घातलं, लावलं, निघाले' यांत तो आपोआप येतो.

बोली हा मोठा निर्णय. सांगणारा शेतकरी असेल तर सगळं निवेदनच त्याच्या बोलीत यायला हवं, आणि ती तुम्हाला कानांनी ओळखीची नसेल तर दुसऱ्या पानावर पितळ उघडं पडतं. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (1955) सांगणारा बाहेरून आलेला तरुण शिक्षक आहे. त्यामुळे निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद माणदेशी, हे सहज जमून जातं. बाहेरच्याला निवेदक करण्याची ही युक्ती आजही चालते. मात्र मग घराच्या आत, बंद दाराआड घडणारं त्याला दिसणार नाही, हे सोसावं लागतं.

अनेक 'मी' वापरण्याचा मोह 'मृत्युंजय' (1967) वाचून होतो. कर्णाखेरीज इतर पात्रंही तिथे आपापली बाजू सांगतात. पण ती मोठी कादंबरी, आणि वाचकाला महाभारत आधीच ठाऊक असतं. तीन हजार शब्दांत चार निवेदक आणले तर प्रत्येकाची ओळख करून देण्यातच कथा संपेल.

सर्वसाक्षी निवेदन घ्यायचंच असेल तर पहिल्या परिच्छेदातच दोन मनांत शिरून दाखवा. अर्धी कथा सुनंदाची नजर आणि मग अचानक एका वाक्यापुरतं सासूचं मन, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक.

अजूनही ठरत नसेल तर कथेतला सर्वांत अवघड प्रसंग घ्या, सुरुवात नव्हे. तो दोनशे शब्दांत दोन्ही पद्धतींनी लिहा. फक्त 'ती'चं 'मी' करू नका. 'तिचा चेहरा उतरला' याचं 'माझा चेहरा उतरला' होत नाही, कारण स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नाही. तिथे घशाला पडलेली कोरड लिहावी लागेल. ज्या मसुद्यात अशी वाक्यं नव्यानं सुचत गेली तो ठेवा, आणि ज्यात 'नंतर मला कळलं की' दोनदा लिहावं लागलं तो बाजूला सारा.